कोलाय जंतूची उसनवारी : औषधप्रतिकाराच्या इतिहासातील एक प्रकरण

१. प्रश्नाचे स्वरूप

मनुष्याच्या आतड्यात जन्मापासून मृत्यूपर्यंत वस्ती करून राहणाऱ्या जंतूंमध्ये ई. कोलाय हा सर्वांत परिचित जंतू होय. त्याचे बहुतेक वाण निरुपद्रवी असतात. तथापि याच जातीचे काही वाण मूत्रमार्गाचा दाह, अर्भकांचा अतिसार, रक्ती हगवण, मूत्रपिंडांचा घात आणि रक्तातील जंतुसंसर्ग यांस कारणीभूत होतात, आणि त्यांपैकी अनेकांवर आज उपलब्ध असलेली बहुतेक औषधे निष्प्रभ ठरतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार, जंतूंच्या औषधप्रतिकारामुळे २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले. आणि या मृत्यूंस कारण झालेल्या जंतूंत ई. कोलायचा क्रमांक पहिला होता.

एका सहवासी जंतूचे असे रूपांतर कसे झाले, या प्रश्नाचे सामान्यतः दिले जाणारे उत्तर सोपे आहे. जंतूंच्या अफाट संख्येत क्वचित एखाद्याच्या आनुवंशिक द्रव्यात आकस्मिक बदल होतो. औषधाच्या माऱ्यात इतर मरतात, तो तेवढा तगतो आणि त्याची प्रजा वाढते. हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. ई. कोलायच्या इतिहासाचा मागोवा घेतला असता असे दिसते की, त्याला घातक बनविणारी आणि औषधांपासून वाचविणारी जनुके बव्हंशी त्याने इतर जंतूंकडून व विषाणूंकडून उसनी घेतलेली आहेत. ही गोष्ट लक्षात येण्यास विसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला. ती प्रथम लक्षात आली ती जपानमध्ये, आणि तीही प्रयोगशाळेतील सिद्धान्तातून नव्हे, तर आमांशाच्या रुग्णांच्या मलपरीक्षेतून. तो वृत्तान्त आणि त्याचे पुढील परिणाम हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. निरुपद्रवीपणाची ख्याती

थिओडोर एशेरिश हा जर्मन बालरोगतज्ज्ञ म्युनिक येथे नवजात अर्भकांच्या मलाचा अभ्यास करीत होता. जन्मतःच बाहेर पडणारा पहिला मल जंतुरहित असतो आणि अवघ्या काही तासांत त्यात जंतू दिसू लागतात, हे त्याच्या निरीक्षणास आले. या जंतूंपैकी एका काडीसारख्या, कृत्रिम अन्नावर झपाट्याने वाढणाऱ्या जंतूचे वर्णन त्याने १८८५ साली केले आणि त्यास ‘बॅक्टेरियम कोलाय कम्यून’, म्हणजे बृहदांत्रातील सर्वसामान्य जंतू, असे नाव दिले. एशेरिश १९११ साली मरण पावला. त्यानंतर १९१९ साली कॅस्टेलानी आणि चामर्स यांनी या जंतूच्या गणाला त्याचे नाव दिले.

‘सर्वसामान्य’ हे विशेषण या जंतूस दीर्घकाळ चिकटून राहिले. पाण्यात तो आढळला तर पाणी मलदूषित झाले असा निष्कर्ष काढीत. म्हणजे तो स्वतः गुन्हेगार न समजला जाता गुन्ह्याचा साक्षीदार समजला जाई. मूत्रमार्गाच्या विकारांत तो सापडतो हे ठाऊक होते, परंतु तेथे तो वाट चुकून गेला असे मानले जाई. अर्भकांच्या साथीच्या अतिसारात मात्र त्याचा हात असावा हा संशय जुना असूनही सिद्ध करणे कठीण होते. रोगी व निरोगी अशा दोन्ही मुलांच्या मलात जो जंतू सापडतो, त्यास रोगाचे कारण कसे म्हणावे? लंडनजवळच्या एका रुग्णालयातील साथीचा अभ्यास करून जॉन ब्रे याने १९४५ साली दाखविले की, आजारी अर्भकांत ई. कोलायचा एक विशिष्ट वाण सापडतो आणि निरोगी अर्भकांत तो जवळजवळ सापडत नाही. कोपनहेगनच्या कॉफमन याने त्याच दशकात या जंतूचे रक्तजलाच्या साहाय्याने शेकडो प्रकारांत वर्गीकरण करण्याची पद्धत रूढ केली. ‘ई. कोलाय’ हे एकच नाव अनेक भिन्न स्वभावांच्या वाणांस झाकून टाकीत आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

औषधप्रतिकाराच्या बाबतीतही एक सूचना अगदी आरंभीच मिळाली होती. ऑक्सफर्ड येथे पेनिसिलिनवर काम करणारे एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० साली, म्हणजे पेनिसिलिन रुग्णांना देण्याचे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच, पेनिसिलिनचा नाश करणारे एक एन्झाइम जंतूंत सापडल्याचे जाहीर केले. ते एन्झाइम त्यांनी मिळविले होते ते याच कोलाय जंतूपासून. औषध बाजारात येण्यापूर्वी त्याचा प्रतिकार अस्तित्वात होता, ही या प्रकरणातील पहिली महत्त्वाची नोंद होय. परंतु पेनिसिलिनने ज्या जंतूंविरुद्ध विस्मयकारक यश मिळविले त्यांत कोलायची गणना नव्हती. त्यामुळे त्या काळी या नोंदीस फारसे महत्त्व दिले गेले नाही.

३. उत्परिवर्तनाचा सिद्धान्त आणि त्याचे सामर्थ्य

जंतूंत प्रतिकार कसा निर्माण होतो, यासंबंधी १९४०च्या दशकात दोन पक्ष होते. औषधाच्या सहवासात जंतू हळूहळू त्यास सरावतात, असे एक पक्ष म्हणे. प्रतिकारक जंतू औषधापूर्वीच आकस्मिक उत्परिवर्तनाने जन्मलेले असतात आणि औषध त्यांची केवळ निवड करते, असे दुसरा पक्ष म्हणे. साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली ई. कोलाय आणि त्यास मारणारा विषाणू यांवर केलेल्या प्रयोगाने, आणि जोशुआ व एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने १९५२ साली मखमलीच्या तुकड्याने जंतूंच्या वसाहतींचा ठसा एका बशीतून दुसऱ्या बशीत उमटवून केलेल्या प्रयोगाने हा वाद दुसऱ्या पक्षाच्या बाजूने निकालात निघाला.

या सिद्धान्ताचे व्यावहारिक फळही मोठे होते. एका औषधाचा प्रतिकार दहा कोटी जंतूंत एकास उत्पन्न होत असेल, तर दोन स्वतंत्र औषधांचा प्रतिकार एकाच जंतूत एकाच वेळी उत्पन्न होण्याचा संभव या दोन संख्यांच्या गुणाकाराइतका विरळ असणार. म्हणून दोन औषधे एकत्र दिल्यास प्रतिकारास वाव राहणार नाही. क्षयरोगाच्या बाबतीत हा हिशेब खरा ठरला. स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पॅस हे औषध दिले असता प्रतिकारक जंतूंचे प्रमाण पुष्कळ घटते, असे ब्रिटनमधील चाचण्यांत १९५०च्या सुमारास दिसून आले. क्षयाच्या जंतूचा प्रतिकार केवळ त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रातील बदलांतून येतो. त्यामुळे गणित तेथे लागू पडले. आतड्यातील जंतूंनाही तेच गणित लागू पडेल असे गृहीत धरले गेले. हे गृहीतक चुकीचे होते, आणि त्याची चूक जपानमधील आमांशाने उघडी केली.

४. जपानचा आमांश

जपानला या रोगाचा परिचय जुनाच होता. १८९७ सालच्या भयंकर साथीत तेथे ९० हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि सुमारे पाचांत एक या प्रमाणात दगावले. त्याच साथीत कियोशी शिगा याने आमांशाच्या जंतूचा शोध लावला, आणि त्याच्या नावावरून त्या गणास ‘शिगेला’ म्हणू लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आमांशावर सल्फा औषधांचा सर्रास वापर सुरू झाला. प्रारंभी रुग्णांची संख्या घटली. परंतु थोड्याच वर्षांत ती पुन्हा वाढली आणि १९५०च्या दशकाच्या आरंभी शिगेलाचे बहुसंख्य वाण सल्फा औषधांना दाद देईनासे झाले. तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही नवी औषधे पुढे आली. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका जपानी स्त्रीच्या मलात शिगेलाचा असा एक वाण मिळाला की, जो सल्फासह या चारही औषधांना एकाच वेळी प्रतिकार करीत होता. पुढील दोनतीन वर्षांत अशा बहुप्रतिकारक वाणांच्या साथी जपानमध्ये ठिकठिकाणी उद्भवल्या.

या साथींतील काही निरीक्षणे उत्परिवर्तनाच्या चौकटीत बसेनात. एकाच साथीत, एकाच रक्तजलीय प्रकारच्या जंतूंपैकी काही चारही औषधांना वश होत, तर काही चारही औषधांना पुरून उरत. एकाच रुग्णाच्या मलात कधी कधी हे दोन्ही प्रकार मिळत. ज्या रुग्णास केवळ एकच औषध दिले होते त्याच्या मलातही चारही औषधांना न जुमानणारा जंतू प्रकट होई. एका औषधाने एका औषधाचा प्रतिकार निवडला जावा हे समजण्यासारखे आहे. न दिलेल्या तीन औषधांचा प्रतिकार त्याबरोबर कोठून आला? शिवाय अशा रुग्णांच्या आतड्यातील ई. कोलायची तपासणी केली असता तोही नेमक्या त्याच चार औषधांचा प्रतिकारक आढळे.

टोकियोचे तोमोइचिरो अकिबा यांनी यावरून तर्क केला की, चार उत्परिवर्तने एकाच जंतूत एकाच वेळी घडणे असंभाव्य आहे. तेव्हा हा गुणसमुच्चय ई. कोलायपासून शिगेलाकडे रुग्णाच्या आतड्यातच गेला असावा. नागोयाचे कुनितारो ओचिआई यांचे सहकारी स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत आले. १९५९ साली या दोन्ही गटांनी केलेला प्रयोग साधा होता. प्रतिकारक ई. कोलाय आणि औषधाला वश होणारा शिगेला हे दोन जंतू एकाच पोषक द्रवात एकत्र वाढविले. नंतर त्यांतून शिगेला वेगळा काढून तपासला. तो चारही औषधांचा प्रतिकारक झालेला होता. कोलायच्या वाढीतून गाळून घेतलेल्या जंतुरहित द्रवाने मात्र हा परिणाम होत नसे. दोन जंतूंचा प्रत्यक्ष स्पर्श आवश्यक होता.

या शोधाने कोलायच्या भूमिकेचा अर्थच पालटला. त्या रुग्णांत तो रोगाचे कारण नव्हता. रोगी व निरोगी अशा कोट्यवधी माणसांच्या आतड्यात तो मुकाट्याने राहत होता. परंतु प्रत्येक औषधाचा मारा त्याच्यावरही होत होता, आणि त्या माऱ्यात टिकलेले सामर्थ्य तो कोठारासारखे साठवून ठेवीत होता. रोगजनक जंतू आतड्यात आला की त्यास हे सामर्थ्य मिळे.

५. संसर्गजन्य आनुवंशिकता

एका जंतूचे आनुवंशिक द्रव्य दुसऱ्यात जाऊ शकते, ही कल्पना तोपर्यंत नवी राहिली नव्हती. लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ साली ई. कोलायच्या के-१२ या वाणात जनुकांचा असा संयोग होतो हे दाखविले होते. हा वाण १९२२ साली कॅलिफोर्नियात एका रुग्णाच्या मलातून मिळालेला आणि प्रयोगशाळेत जपून ठेवलेला होता. १९५० साली बर्नार्ड डेव्हिसने दोन वाणांमध्ये गाळणीचा पडदा ठेवून त्यांच्या स्पर्शाची आवश्यकता सिद्ध केली. लंडनच्या विल्यम हेझने पुढील दोनतीन वर्षांत दाखविले की, हे दान एकमार्गी असते. १९५२ साली गुणसूत्राबाहेरील अशा आनुवंशिक घटकांसाठी लेडरबर्गने ‘प्लाझ्मिड’ हा शब्द सुचविला. परंतु हे सारे मूलभूत विज्ञानाच्या दालनात राहिले. जंतूंतील हा दुर्मिळ व्यवहार रुग्णालयांत रोज घडत असेल, असे कोणाच्या मनात आले नव्हते.

जपानी निरीक्षणे आणि ही अनुवंशशास्त्रीय संकल्पना यांची सांगड घालण्याचे श्रेय मुख्यतः केइओ विद्यापीठाचे त्सुतोमू वातानाबे आणि गुन्मा विद्यापीठाचे सुसुमू मित्सुहाशी यांस द्यावे लागते. प्रतिकारक जनुके गुणसूत्रावर नसून एका स्वतंत्र, स्वतःची प्रत काढणाऱ्या व स्पर्शाने दुसऱ्या जंतूत जाणाऱ्या घटकावर आहेत, आणि अ‍ॅक्रिडीन रंगद्रव्यांनी तो घटक नष्ट करता येतो, असे त्यांच्या प्रयोगांनी सिद्ध झाले. या घटकास पुढे ‘आर घटक’ हे नाव रूढ झाले. पहिले जपानी निबंध जपानी भाषेत असल्यामुळे पाश्चात्त्य देशांत त्यांची वार्ता उशिरा पोहोचली. वातानाबे यांनी १९६३ साली इंग्रजीत लिहिलेल्या विस्तृत समालोचनानंतरच तिकडे त्याकडे सर्वसाधारणपणे लक्ष गेले. त्या समालोचनाच्या शीर्षकात वातानाबे यांनी या घटनेस ‘संसर्गजन्य आनुवंशिकता’ म्हटले होते. संसर्ग हा रोगाचा धर्म आणि आनुवंशिकता हा वंशाचा. या दोन शब्दांची अशी जोडणी तत्पूर्वी विसंगत वाटली असती.

ही घटना केवळ जपानची नव्हती, हे लवकरच कळून आले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९५९ साली आलेल्या साल्मोनेलाच्या साथीतील जंतूंत असाच संक्रमणशील प्रतिकार असल्याचे नाओमी दत्ता यांनी १९६२ साली प्रसिद्ध केले. अ‍ॅम्पिसिलिन हे कोलायसारख्या जंतूंवरही चालणारे पेनिसिलिन १९६१ साली प्रचारात आले, आणि १९६५ साली दत्ता व कोंतोमिखालू यांनी ते नष्ट करणारे एन्झाइम आर घटकावर वाहिले जाते असे दाखविले. अथेन्सच्या एका रुग्णाच्या ई. कोलायमधून मिळालेले ते एन्झाइम ‘टेम’ या नावाने प्रसिद्धीस आले. १९७४ साली हेजेस आणि जेकब यांना आढळून आले की, हे जनुक एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्या प्लाझ्मिडवर उडीही मारू शकते. अशा उडी घेणाऱ्या तुकड्यांस त्यांनी ‘ट्रान्स्पोझॉन’ हे नाव दिले. त्याच दशकात टेम जनुक हिमोफिलस आणि परम्याचा जंतू यांच्यापर्यंत जाऊन पोहोचले.

दरम्यान ब्रिटनमध्ये ई. एस. अँडरसन यांनी वासरांतील साल्मोनेलाच्या साथींचा अभ्यास करून, पशुपालनातील औषधांचा वापर आणि माणसांतील प्रतिकारक जंतू यांचा संबंध आग्रहाने मांडला. त्यातून १९६८ साली स्वान समिती नियुक्त झाली. माणसांच्या उपचारास लागणारी प्रतिजैविके जनावरांची वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यात मिसळू नयेत, अशी शिफारस तिने १९६९ साली केली. युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके देण्याची प्रथा पूर्णपणे बंद होण्यास मात्र २००६ साल उजाडले.

६. औषधांपूर्वीचे जंतू

येथे एक मूलभूत शंका उपस्थित होते. स्पर्शाने जनुके देण्याची ही यंत्रणा औषधांच्या युगातच निर्माण झाली, की ती पूर्वीपासून होती? या शंकेचे निरसन एका जुन्या संग्रहाने केले. ई. जी. डी. मरे या जंतुशास्त्रज्ञाने १९१७ ते १९५४ या काळात निरनिराळ्या देशांतून आतड्यातील जंतूंचे शेकडो वाण गोळा करून बंद नलिकांत जतन केले होते. त्यांतील बहुतेक वाण प्रतिजैविकांचा प्रसार होण्यापूर्वीचे होते. व्हिक्टोरिया ह्यूज आणि नाओमी दत्ता यांनी ते पुन्हा वाढवून तपासले आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे चौथा हिस्सा वाणांत जनुकदानाची क्षमता आढळली. परंतु त्यांच्या संक्रमणशील प्लाझ्मिडांवर औषधप्रतिकाराची जनुके नव्हती.

म्हणजे वाहन पुरातन होते. त्यावरील माल नवा होता. मनुष्याने जंतूंना देवघेव शिकविली नाही. त्याने औषधांच्या अमर्याद वापराने एवढेच केले की, जगातील असंख्य जनुकांपैकी कोणता माल वाहून नेणे फायद्याचे ठरेल ते ठरवून दिले. अवघ्या दोनतीन दशकांत तेच पुरातन प्लाझ्मिड चारचार, पाचपाच औषधांच्या प्रतिकाराने लादले गेले.

७. विषाची उसनवारी

घातकपणाच्या बाबतीतही इतिहास याच दिशेने जातो. १९८२ साली अमेरिकेतील ओरेगन आणि मिशिगन या राज्यांत अर्धवट भाजलेल्या गोमांसाच्या हॅम्बर्गरमधून रक्ती हगवणीचे रुग्ण आढळले. त्यांच्या मलातील ई. कोलाय ओ१५७:एच७ या प्रकारचा होता आणि तो शिगाच्या आमांशजंतूसारखे विष निर्माण करीत होता. या विषामुळे, विशेषतः लहान मुलांत, तांबड्या रक्तपेशी फुटून मूत्रपिंडे निकामी होतात. हे विष निर्माण करणारी जनुके जंतूच्या मूळ वारशातील नसून, त्याच्या गुणसूत्रात दडून बसलेल्या जंतुभक्षक विषाणूंनी, म्हणजे फाजांनी, आणलेली आहेत, असे पुढे सिद्ध झाले. १९९६ साली जपानमधील साकाई शहरात याच प्रकारच्या जंतूने हजारो शाळकरी मुलांस ग्रासले.

या उसनवारीचे मोजमाप जनुकसंचाच्या वाचनाने शक्य झाले. के-१२ या निरुपद्रवी वाणाचे पूर्ण वाचन १९९७ साली, तर ओ१५७:एच७चे २००१ साली प्रसिद्ध झाले. पहिल्यात सुमारे ४६ लाख अक्षरे, तर दुसऱ्यात सुमारे ५५ लाख. दुसऱ्यात १,३८७ जनुके अशी होती की, जी पहिल्यात मुळीच नव्हती. एकाच जातीच्या दोन वाणांत एवढे अंतर केवळ अक्षरबदलांनी पडणे शक्य नव्हते. २००० साली ऑस्ट्रेलियातील पूपो व सहकाऱ्यांनी जनुकीय तुलनेवरून असेही दाखविले की, शिगेला हा स्वतंत्र गण नसून ई. कोलायच्याच कुळातील, अनेक वेळा स्वतंत्रपणे रोगजनक बनलेल्या शाखांचा समूह आहे. या शाखांना रोगजनक बनविण्यात एका मोठ्या प्लाझ्मिडाचा प्रमुख वाटा आहे. अकिबा आणि ओचिआई यांच्या प्रयोगातील दाता व याचक हे एका अर्थी भाऊबंदच होते.

विष आणि औषधप्रतिकार हे दोन प्रवाह एकाच वाणात मिळाल्याचे ठळक उदाहरण २०११ साली उत्तर जर्मनीत दिसले. मेथीच्या मोडांतून पसरलेल्या त्या साथीत सुमारे ३,८०० लोक आजारी पडले आणि पन्नासांहून अधिक मृत्यू पावले. रोगजनक ई. कोलाय ओ१०४:एच४ हा आतड्याच्या अस्तरास थरांनी चिकटणारा वाण होता. त्याने फाजाकडून शिगाचे विष घेतले होते, आणि प्लाझ्मिडवरून नव्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिन औषधांना निकामी करणारे सीटीएक्स-एम-१५ हे एन्झाइम. त्याची ही तिन्ही शस्त्रे त्यापूर्वी अन्यत्र वेगवेगळी ज्ञात होती.

८. भारतातील दुवे

सीटीएक्स-एम-१५ या एन्झाइमाची पहिली नोंद भारतातील आहे. १९९९ साली नवी दिल्ली येथे मिळालेल्या जंतूंतून ते ओळखले गेले आणि २००१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. या कुळातील एन्झाइमांचे मूळ क्लुव्हेरा या निसर्गात आढळणाऱ्या, माणसास क्वचितच बाधणाऱ्या जंतूच्या गुणसूत्रात आहे. तेथून उडी घेणाऱ्या तुकड्यांच्या साहाय्याने ते जनुक प्लाझ्मिडवर आले, प्लाझ्मिडमधून ई. कोलायमध्ये शिरले, आणि २००८ साली ओळखल्या गेलेल्या एसटी१३१ या वाणाबरोबर जगभर पसरले. या वाणात फ्लुओरोक्विनोलोन औषधांचा प्रतिकार मुख्यतः गुणसूत्रातील उत्परिवर्तनांनी आलेला आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे. उत्परिवर्तन आणि उसनवारी हे परस्परविरोधी मार्ग नव्हेत. यशस्वी वाण दोहोंचा उपयोग करतात.

सीटीएक्स-एमच्या प्रसारामुळे कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या औषधांचा वापर वाढला. पूर्वी नवी दिल्लीच्या रुग्णालयात उपचार घेतलेल्या एका रुग्णाच्या लघवीत २००८ साली स्वीडनमध्ये क्लेब्सिएला हा जंतू मिळाला. कार्बापेनेमचाही नाश करणारे एनडीएम-१ हे नवे एन्झाइम त्याच्याजवळ होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातील एक तपशील इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष वेधून घेतो : त्याच रुग्णाच्या मलातील ई. कोलायमध्येही तेच जनुक सापडले. एकाच माणसाच्या आतड्यात दोन जंतू आणि दोहोंत एकच प्रतिकार! अकिबा यांनी पन्नास वर्षांपूर्वी वर्णिलेली परिस्थिती नव्या औषधाच्या संदर्भात जशीच्या तशी पुन्हा उभी राहिली होती.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी २०१० साली भारतीय वैद्यांच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या टिपणानुसार, तेथे तीन महिन्यांत मिळालेल्या २४ कार्बापेनेम-प्रतिकारक आंत्रजंतूंपैकी २२ जंतूंत एनडीएम-१ होते. एन्झाइमाच्या नावात भारताच्या राजधानीचे नाव घालण्यावरून त्या वर्षी मोठा वाद झाला. त्या वादाच्या गदारोळात मुंबईच्या या टिपणाकडे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेले नाही. नाव कोणतेही असो, जनुक येथे होते आणि ते येथील डॉक्टरांनीच मोजून दाखविले होते. त्यानंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून काही प्रतिजैविके विकण्यावर निर्बंध घालणारी ‘एच-१’ ही अनुसूची २०१४ सालापासून भारतात अमलात आली.

उरलेल्या औषधांत कोलिस्टिनची गणना होई. त्याचा प्रतिकार केवळ गुणसूत्रातील बदलांनी होतो, असा समज होता. २०१५ साली चीनमध्ये डुकरांतील ई. कोलायच्या प्लाझ्मिडवर कोलिस्टिनप्रतिकाराचे ‘एमसीआर-१’ हे जनुक सापडल्याचे जाहीर झाले आणि तो समज संपला. चीनने २०१७ साली पशुखाद्यातील वाढीसाठीचा कोलिस्टिनचा वापर थांबविला. भारताने २०१९ साली अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. स्वान समितीने मांडलेले तत्त्व अर्ध्या शतकानंतर आशियात अशा रीतीने अमलात आले.

९. उपसंहार

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष केवळ जंतुशास्त्राचा नाही. प्रतिकार हा जर निव्वळ उत्परिवर्तनाचा परिणाम असता, तर प्रत्येक रुग्ण हे स्वतंत्र प्रकरण ठरले असते, आणि त्याच्या औषधाचा हिशेब त्याच्यापुरताच राहिला असता. प्रतिकार संसर्गजन्य असल्यामुळे तो हिशेब सामाईक होतो. एखाद्या साध्या सर्दीपडशासाठी विनाकारण घेतलेल्या प्रतिजैविकाचा परिणाम घेणाऱ्याच्या आतड्यातील निरुपद्रवी कोलायवर होतो. आणि तेथे जमा झालेले जनुक सांडपाण्यातून, अन्नातून, हातांतून अशा माणसापर्यंत पोहोचू शकते की, ज्याने ते औषध कधी घेतलेलेच नाही.

तसेच, औषध थांबविले म्हणजे प्रतिकार ओसरेल, ही आशाही या इतिहासाने मर्यादित केली आहे. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात सल्फा औषधांचा वापर जवळजवळ संपुष्टात आला. तरीही लंडनच्या एका रुग्णालयातील ई. कोलायमध्ये सल्फाप्रतिकाराचे प्रमाण १९९१ साली सुमारे ४० टक्के होते, ते १९९९ साली ४६ टक्के आढळले. एकाच प्लाझ्मिडवर अनेक जनुके शेजारीशेजारी बसलेली असतात. त्यांपैकी एकाची निवड झाली की इतरही त्याबरोबर टिकून राहतात. १९५०च्या दशकातील जपानी रुग्णास एकच औषध देऊन चौघांचा प्रतिकार का प्रकट झाला, याचे उत्तर आणि लंडनच्या या आकड्यांचे उत्तर एकच आहे.

एशेरिशने ज्या जंतूस ‘सर्वसामान्य’ म्हटले तो आजही सर्वसामान्यच आहे, आणि त्याचे खरे महत्त्व त्या सामान्यपणातच आहे. तो सर्वत्र असतो, सर्वांशी देवघेव करतो आणि मिळालेले सहसा टाकून देत नाही. वातानाबे यांनी १९६३ साली जे जगापुढे मांडले त्यात या पुढील साऱ्या घटनांचे बीज होते. पुढील साठ वर्षांत औषधे बदलली आणि एन्झाइमांची नावे बदलली. परंतु नागोया आणि टोकियो येथील रुग्णांच्या आतड्यात जो व्यवहार प्रथम ओळखला गेला तोच आजवर चालू आहे. त्या व्यवहारात कोणता माल चढावा हे मात्र अद्यापही बव्हंशी मनुष्याच्या हाती आहे.